लिंक्ड लिस्टमध्ये कुंपण नोडभोवती हवे की लिस्टभोवती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जावामध्ये लिंक्ड लिस्ट, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या नोडची साखळी, लिहिताना तुम्ही नोड आणि लिस्ट असे दोन पब्लिक क्लास केले. नोडमधली 'डेटा' (किंमत) आणि 'नेक्स्ट' (पुढच्या नोडचा दुवा) ही दोन्ही फील्ड प्रायव्हेट ठेवून त्यांना गेटर-सेटर (किंमत वाचणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथड) दिले, लिस्टमधल्या 'हेड', 'टेल' आणि 'साइझ' यांनाही तसेच दिले, आणि कोड व्यवस्थित चालला. नंतर एका सहकाऱ्याने तो पाहून सांगितले की यात एन्कॅप्सुलेशन (आतली रचना लपवून तिचे रक्षण करणे) मुळी नाहीच, आणि नोडची फील्ड सरळ उघडी ठेवली असती तरी बिघडले नसते. तुम्हाला मात्र शिकवले गेले होते की फील्ड नेहमी प्रायव्हेट ठेवावीत आणि बाहेर फक्त गेटर-सेटर द्यावेत. तेव्हा दोघांपैकी बरोबर कोण, असे तुम्ही विचारले आहे.

सहकाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे, पण कारण न सांगता केवळ निष्कर्ष सांगितल्यामुळे ते उफराटे वाटते. 'नोडची फील्ड प्रायव्हेट असावीत की पब्लिक' हा इथला मूळ प्रश्न नव्हेच. कोणत्या अटी नेहमी खऱ्या राहिल्या पाहिजेत, त्या खऱ्या ठेवण्याची जबाबदारी कोणत्या क्लासवर आहे, आणि त्या क्लासला डावलून कोणी त्या मोडू शकतो का, हे आधी ठरवावे लागते. ते ठरले की प्रायव्हेट हा शब्द कुठे लिहायचा हे आपोआप ठरते. तुमच्या कोडमध्ये आतल्या प्रत्येक खोलीला कुलूप आहे, पण घराचा मुख्य दरवाजा सताड उघडा आहे आणि सगळ्या किल्ल्या दारातच टांगलेल्या आहेत.

आधी त्या अटी पाहू. हेड आणि टेल दोन्ही ठेवणाऱ्या साध्या एकेरी लिस्टमध्ये निदान एवढे नेहमी खरे असले पाहिजे: हेडपासून नेक्स्ट धरत गेल्यास कधीतरी नल (पुढे काही नाही अशी खूण) लागतोच, म्हणजे साखळीत वेढा नाही, नलच्या आधी लागणारा शेवटचा नोड म्हणजेच टेल, वाटेत जितके नोड लागले तितकीच साइझ, हेड नल असेल तर टेलही नल आणि साइझ शून्य, आणि एक नोड एकाच वेळी दोन लिस्टमध्ये नाही. आता यातली एक तरी अट एकटा नोड पाळू शकतो का, ते पाहा. नोडला आपला पुढचा शेजारी तेवढा माहीत असतो. आपण कितवे आहोत, आपण शेवटचे आहोत हे टेलला ठाऊक आहे का, आपल्याला जोडल्यामुळे मागे कुठे वेढा तयार झाला का, यातले त्याला काहीच कळत नाही. त्यामुळे 'सेट-नेक्स्ट' या मेथडमध्ये तुम्ही कोणतीही उपयोगी तपासणी लिहू शकत नाही. जिच्यात तपासण्यासारखे काही नाही अशी सेटर मेथड म्हणजे वेगळ्या लिपीत लिहिलेले पब्लिक फील्डच होय. या सगळ्या अटी पाळणारा एकच क्लास आहे, तो म्हणजे लिस्ट.

हे बिघडते कसे, ते एका छोट्या उदाहरणावर पावलापावलाने पाहू. लिस्टमध्ये 10, 20, 30 असे तीन नोड आहेत. हेड 10 वर, टेल 30 वर, साइझ 3. बाहेरच्या कोणीतरी, समजा 'पहिला सोडून बाकीचे काढून टाकावेत' या सरळ हेतूने, तुमच्या लिस्टकडून 'गेट-हेड' करून पहिला नोड घेतला आणि त्यावर 'सेट-नेक्स्ट' करून नल ठेवला. कंपायलरची तक्रार नाही, प्रोग्रॅम चालू आहे, लिस्ट छापली तर फक्त 10 दिसते, म्हणजे त्याच्या दृष्टीने काम झाले. पण टेल अजून 30 कडेच बोट दाखवत आहे आणि साइझ अजून 3 आहे. पुढे, कदाचित दुसऱ्याच फाइलमध्ये, कोणीतरी शेवटी 40 जोडतो. तुमची 'ॲड-लास्ट' मेथड अगदी बरोबर लिहिलेली आहे: ती टेलच्या नेक्स्टमध्ये नवा नोड ठेवते, टेल पुढे सरकवते आणि साइझ एकने वाढवते. परिणामी 40 हा नोड 30 च्या नंतर जाऊन बसतो, आणि 30 तर हेडपासून केव्हाच तुटलेला आहे. आता साइझ 4 सांगते, लिस्ट छापल्यावर 10 एवढाच दिसतो, आणि 40 कुठे गेला याचा पत्ता नाही. कुठेही एक्सेप्शन (चालताना झालेली चूक कळवणारा संकेत) आलेला नाही. शोध घेणारा माणूस साहजिकच 'ॲड-लास्ट'कडे संशयाने पाहतो, कारण जोडलेली गोष्ट तिथून नाहीशी झाली. आणि त्या मेथडमध्ये कितीही वेळ डोके घातले तरी काही सापडत नाही, कारण चूक तिथे नाहीच.

या उदाहरणात नोडची दोन्ही फील्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रायव्हेट होती, आणि त्याचा काडीइतकाही उपयोग झाला नाही. दुसरे म्हणजे, गुन्हेगार 'सेट-हेड' किंवा 'सेट-साइझ' नव्हे. त्या दोन मेथड काढून टाकायला हव्यात हे बहुतेकांच्या लवकर लक्षात येते. बाहेरून साइझ 'ठेवता' येणे यात काही अर्थच नाही. पण निरुपद्रवी वाटणारी 'गेट-हेड', जी नुसती वाचायला देते असा आपला समज असतो, तीच खरी फट आहे. बदलता येण्याजोग्या आतल्या ऑब्जेक्टचा रेफरन्स (त्याच्यापर्यंत पोहोचवणारा दुवा) बाहेर देणे म्हणजे वाचायला देणे नव्हे. प्रिमिटिव्ह (आकड्यासारख्या साध्या) किमतीचा गेटर आणि आतल्या रचनेचा गेटर यांत हा फरक आहे, आणि 'गेटर सुरक्षित, सेटर धोकादायक' या सरधोपट नियमात तो हरवतो.

म्हणून मी सुचवीन ती रचना अशी. नोड हा लिस्ट क्लासच्या आत, प्रायव्हेट आणि स्टॅटिक क्लास म्हणून लिहावा. त्याला गेटर-सेटर देऊ नयेत. लिस्टच्या मेथडनी त्याची फील्ड थेट वाचावीत आणि थेट बदलावीत. लिस्टची हेड, टेल आणि साइझ ही फील्ड प्रायव्हेट. लिस्टच्या कोणत्याही पब्लिक मेथडच्या पॅरामीटरमध्ये किंवा परत येणाऱ्या किमतीत नोड हा टाइप येता कामा नये. आत जातात आणि बाहेर येतात त्या फक्त किमती. जावात बाहेरच्या क्लासला आतल्या क्लासची प्रायव्हेट फील्डही दिसतात, त्यामुळे तिथे प्रायव्हेट लिहिले काय आणि न लिहिले काय, संरक्षणात फरक पडत नाही. क्लासच बाहेर दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या फील्डपर्यंत पोहोचणार कोण? जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतली लिंक्ड लिस्ट, जी 1998 मध्ये आवृत्ती 1.2 बरोबर आली, ती आजही याच पद्धतीची आहे: नोडचा क्लास प्रायव्हेट आणि स्टॅटिक, त्यात किंमत, पुढचा आणि मागचा अशी तीन फील्ड, एकही गेटर नाही आणि एकही सेटर नाही. ती फाइल एकदा उघडून वाचाच; पाठ्यपुस्तकी नियम आणि अनुभवी माणसांचा कोड यांतले अंतर तिथे स्वच्छ दिसते.

स्टॅटिक कशासाठी, हे अनेकदा विचारले जाते. स्टॅटिक न लिहिल्यास आतल्या क्लासचा प्रत्येक ऑब्जेक्ट बाहेरच्या एका ऑब्जेक्टशी बांधलेला राहतो, आणि त्यासाठी साधारणतः प्रत्येक नोडमध्ये एक छुपा रेफरन्स साठवला जातो. नोडला लिस्ट माहीत असण्याची गरज नसेल तर हे ओझे फुकटचे आहे. सी प्लस प्लसमध्ये तपशील थोडा वेगळा: तिथे आतल्या क्लासला बाहेरच्याची प्रायव्हेट फील्ड दिसतात, पण बाहेरच्याला आतल्याची दिसत नाहीत. म्हणून तिथे लिस्टच्या प्रायव्हेट भागात नोड हा साधा स्ट्रक्ट म्हणून लिहितात. स्ट्रक्टची फील्ड मुळातच पब्लिक असतात, पण तो स्ट्रक्टच प्रायव्हेट भागात असल्यामुळे बाहेरच्याला त्याचे नावही घेता येत नाही. सी भाषेत क्लास नाहीत, तरी हेच साधता येते: हेडर फाइलमध्ये स्ट्रक्टचे फक्त नाव जाहीर करायचे आणि त्याची व्याख्या सोर्स फाइलमध्ये ठेवायची. पायथनमध्ये भाषा कोणालाच अडवत नाही. नावाआधी एक अंडरस्कोअर हा केवळ संकेत आहे, आणि दोन अंडरस्कोअर दिल्यास नावात क्लासचे नाव मिसळले जाते एवढेच. तिथे शिस्त संकेताने पाळायची असते, आणि बहुतेक लोक ती पाळतात.

आता तुमच्या मनात आलेली शंका: गेट-हेड काढून टाकले तर बाहेरच्याने लिस्ट फिरायची कशी? अनेक जण इथे क्रमांक देऊन किंमत मागणारी 'गेट' मेथड लिहितात आणि बाहेर लूप चालवतात. एन्कॅप्सुलेशन टिकते, पण वेळेचे दिवाळे निघते. एकेरी लिस्टमध्ये प्रत्येक 'गेट' पुन्हा हेडपासून चालू लागते, त्यामुळे एक लाख नोडची लिस्ट एकदा फिरायला सुमारे पाचशे कोटी पावले पडतात. (जावाची दुहेरी लिस्ट जवळच्या टोकापासून सुरुवात करते, त्यामुळे हिशेब निम्म्यावर येतो, पण स्वरूप तेच.) या अडचणीवरचे उत्तर म्हणजे इटरेटर. इटरेटर हा लिस्टच्या आतलाच एक छोटा क्लास असतो; त्याच्याकडे चालू नोडचा रेफरन्स असतो, पण बाहेर तो 'पुढे आहे का' आणि 'पुढची किंमत दे' एवढेच बोलतो. जागा त्याला ठाऊक, पण ती जागा दुसऱ्या कोणाच्या हाती पडत नाही. जावात लिस्टने इटरेबल हा इंटरफेस पाळला की फॉर-ईच लूप लगेच चालू लागतो. पायथनमध्ये यील्ड वापरून हेच काम चार-पाच ओळींत होते.

इटरेटरमुळे एक नवी जबाबदारी मात्र येते. इटरेटर अर्ध्यावर असताना कोणी लिस्टमधून नोड काढला तर काय व्हावे? जावाची लायब्ररी बदलांचा एक मोजणी-आकडा ठेवते, इटरेटर सुरुवातीला तो टिपून घेतो, आणि पुढच्या पावलावर आकडा जुळला नाही तर एक्सेप्शन फेकतो. ही हमी नव्हे, शक्य तितकी चूक लवकर उघडी पाडण्याचा प्रयत्न आहे, असे तिच्या दस्तऐवजातही स्पष्ट लिहिले आहे. फिरता फिरता काढायचे असल्यास इटरेटरचीच काढण्याची मेथड वापरावी, म्हणजे बदल पुन्हा लिस्टच्या हाताखालून होतो. अभ्यासाच्या कोडमध्ये एवढे करण्याची सक्ती नाही. निदान 'फिरत असताना बदलू नये' असे कॉमेंटमध्ये लिहिले तरी पुरे.

बाहेरून कोणाला काय दिसते हा प्रश्न झाला. त्याइतकाच महत्त्वाचा, आणि बहुधा दुर्लक्षित, प्रश्न आतल्या शिस्तीचा आहे. कुंपण लिस्टभोवती घातले म्हणजे लिस्टच्या आतल्या चुका थांबत नाहीत. 'ॲड-फर्स्ट', 'ॲड-लास्ट', मध्ये घालणे, पहिला काढणे, किंमत शोधून काढणे, या प्रत्येक मेथडमध्ये हेड, टेल आणि साइझ यांची जुळवाजुळव स्वतंत्रपणे लिहिली, तर कुठेतरी एक ओळ राहतेच. नेहमी राहणारी ओळ म्हणजे शेवटचा नोड काढल्यावर टेल मागे आणण्याची, किंवा एकच नोड शिल्लक असताना तो काढल्यावर टेल नल करण्याची. म्हणून मी दुवे बदलणारे काम दोन प्रायव्हेट मेथडमध्येच ठेवतो: एक 'या नोडनंतर जोड' आणि दुसरी 'या नोडनंतरचा काढ'. सर्व पब्लिक मेथड योग्य जागा शोधतात आणि मग या दोघींपैकी एकीला बोलावतात. साइझ बदलणाऱ्या ओळी त्यामुळे पूर्ण क्लासमध्ये दोनच उरतात.

यात सुरुवातीला एक किंमत नसलेला बनावट नोड, म्हणजे सेंटिनेल, ठेवला तर 'पहिला नोड काढायचा आहे' ही खास वागणूक पूर्णपणे नाहीशी होते, कारण आता प्रत्येक खऱ्या नोडच्या आधी कोणीतरी असतोच. पहिल्या पद्धतीत ज्या लोकांनी 'गेट-हेड' वापरून स्वतःचे लूप लिहिले असतील, त्या सगळ्यांना उद्या सेंटिनेल आणल्यावर यादीच्या सुरुवातीला एक भलतीच रिकामी किंमत दिसू लागेल. नोड लपलेला असेल तर मात्र सेंटिनेल आणला, काढला, एकेरीची दुहेरी केली, तरी बाहेर कोणालाही पत्ता लागत नाही. डेव्हिड पार्नास यांनी 1972 मध्ये मॉड्यूल कसे पाडावेत यावर लिहिताना मांडलेला विचार हाच होता: उद्या बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एका मॉड्यूलमध्ये दडवावा, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्यांना हात लावावा लागू नये. तुमच्या क्लासची परीक्षा घेण्याची सोपी रीतही यातून मिळते. आतली साखळी काढून तिच्या जागी ॲरे ठेवला, तर वापरणाऱ्यांच्या कोडची एक तरी ओळ बदलावी लागेल का? लागत असेल तर रचनेचा काही भाग बाहेर गळतो आहे.

साइझ साठवायची की दर वेळी मोजायची, हाही असाच दडवण्याजोगा निर्णय आहे आणि तो वाटतो तितका क्षुल्लक नाही. सी प्लस प्लसच्या प्रमाणित लिस्टमध्ये 2011 च्या आवृत्तीपासून साइझ स्थिर वेळात (लिस्ट कितीही लांब असली तरी तेवढ्याच वेळात) मिळालीच पाहिजे असे ठरले. त्याची किंमत अशी की एका लिस्टचा मधला तुकडा उचलून दुसऱ्या लिस्टमध्ये बसवताना त्या तुकड्यातले नोड मोजावे लागतात, नाहीतर दोन्हीकडचे आकडे चुकतील. त्याच आवृत्तीत आलेल्या एकेरी 'फॉरवर्ड लिस्ट'मध्ये साइझ ही मेथडच ठेवलेली नाही.

इथवर मी 'नोड कधीही बाहेर जाऊ नये' असे बोलत आलो, पण हे परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि अपवाद खरेखुरे आहेत. लिंक्ड लिस्टचा मोठा फायदा म्हणजे जागा हातात असेल तर मधला नोड स्थिर वेळात काढता येतो. नोड पूर्णपणे लपवला तर वापरणाऱ्याच्या हातात जागाच उरत नाही, त्याला दर वेळी शोधत जावे लागते, आणि मग ॲरेऐवजी लिंक्ड लिस्ट घेण्याचे निम्मे कारण संपते. अशा वेळी जागा दाखवणारी वस्तू बाहेर द्यावी, पण दुवे बदलण्याचा अधिकार तिच्याबरोबर देऊ नये. सी शार्पमध्ये 2005 पासून असलेली लिंक्ड लिस्ट हे याचे चांगले उदाहरण आहे. तिथला नोड पब्लिक आहे, पण त्याचे 'नेक्स्ट' आणि 'प्रीव्हियस' फक्त वाचता येतात. जोडणे आणि काढणे या मेथड लिस्टवर आहेत. शिवाय प्रत्येक नोडला आपली लिस्ट ठाऊक असते, त्यामुळे दुसऱ्याच लिस्टचा नोड देऊन 'याच्यानंतर जोड' म्हटले तर एक्सेप्शन येतो. गो भाषेच्या लायब्ररीतही नोडचे दुवे पॅकेजबाहेर दिसत नाहीत, किंमत मात्र दिसते. काढण्याची मेथड आधी नोड याच लिस्टचा आहे का हे पाहते, आणि काढल्यावर त्याचे दोन्ही दुवे आणि लिस्टचा रेफरन्स पुसून टाकते. नोड पब्लिक असूनही इथे एन्कॅप्सुलेशन पूर्ण आहे, कारण वर सांगितलेल्या अटींपैकी एकही बाहेरून मोडता येत नाही. तुमच्या सहकाऱ्याला कदाचित हेच म्हणायचे असेल.

दुसरा अपवाद: कुंपण लिस्टच्याही बाहेर सरकते असा. सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद आधी फेकणारा कॅशे (हाताशी ठेवलेल्या नोंदींचा छोटा साठा) लिहिताना एक हॅश मॅप (किल्लीवरून नोंद लगेच शोधून देणारा) आणि एक दुहेरी लिस्ट बरोबरीने चालवतात, आणि मॅपमध्ये थेट नोडचा रेफरन्स ठेवतात. इथे 'मॅपमधला प्रत्येक नोड लिस्टमध्ये आहे आणि लिस्टमधला प्रत्येक नोड मॅपमध्ये आहे' ही अट लिस्ट एकटी पाळू शकत नाही. ती पाळतो कॅशे. म्हणून नोड हा कॅशेच्या आतला प्रायव्हेट क्लास करावा, आणि वेगळी लिस्ट लिहिण्याचा हट्ट धरू नये. तिथे वेगळा 'शुद्ध' लिस्ट क्लास करून त्यातून नोड बाहेर काढण्याची कसरत मी बऱ्याच कोडमध्ये पाहिली आहे. ती नीटनेटकी दिसते, पण अट पाळण्याचे काम दोन क्लासमध्ये अर्धे-अर्धे वाटले जाते.

नोड बदलताच येत नसेल तर चित्र आणखी वेगळे. लिस्पसारख्या भाषांतल्या प्रोग्रॅमिंगमध्ये लिस्ट म्हणजे 'पहिली किंमत आणि उरलेली लिस्ट' अशी जोडी, आणि ती एकदा बनली की बदलायची नाही असे ठरवले, तर दोन लिस्टनी एकच शेपूट वाटून घेतले तरी कोणाचे काही बिघडत नाही. तिथे नोड उघडा असण्याला हरकत नाही. लपवायचे ते बदलण्यापासून. बदलच नसेल तर लपवण्याचे निम्मे कारण गेले. लिनक्स कर्नल तर उलट टोकाला आहे: तिथे दुवे स्वतःच्या स्ट्रक्टमध्येच घालतात, सर्व काही उघडे असते, आणि शिस्त ठरलेल्या फंक्शनांतून पाळली जाते. काढलेल्या नोडच्या दोन्ही दुव्यांत मुद्दाम निरुपयोगी पत्ते भरले जातात, म्हणजे तो चुकून पुन्हा वापरला तर लगेच आपटी खावी. वेग आणि मेमरी यांचा तिथला हिशेब वेगळा आहे. नव्याने शिकताना त्याचे अनुकरण करू नये.

वारशाबद्दल (एका क्लासवरून दुसरा बनवण्याबद्दल) तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या कोडमध्ये 'सॉर्टेड लिस्ट' हा क्लास लिस्टला एक्स्टेंड करतो असे दिसते, म्हणून एवढे सांगतो. एक्स्टेंड केल्याबरोबर 'ॲड-फर्स्ट' ही मेथड सॉर्टेड लिस्टवरही आली, आणि क्रम मोडण्याचा राजमार्ग खुला झाला. जावाच्या जुन्या स्टॅक क्लासने व्हेक्टरला एक्स्टेंड केल्यामुळे स्टॅकच्या मध्यावरही किंमत घालता येते. ती चूक मागे घेता न आल्याने आजही तशीच आहे. सॉर्टेड लिस्टने साधी लिस्ट प्रायव्हेट फील्ड म्हणून आत ठेवावी आणि आपल्याला हव्या तेवढ्याच मेथड बाहेर द्याव्यात. क्रमाची अट किमतींवर अवलंबून असते, म्हणून इथे नोडमधल्या डेटाचा सेटरही धोकादायक ठरतो. त्याहून अवघड म्हणजे, किंमत हा बदलता येणारा ऑब्जेक्ट असेल तर तो बाहेरूनच बदलून क्रम मोडता येतो आणि लिस्टला ते कळतही नाही. त्यावर कुंपणाचा इलाज नाही. न बदलणाऱ्या किमती ठेवणे हाच उपाय.

सी प्लस प्लसमध्ये लिहिणार असाल तर नोडचा मालक कोण हेही याच चौकटीत येते. लिस्टची नक्कल करताना नुसता हेड पॉइंटर उचलला तर दोन लिस्ट एकाच साखळीच्या मालक होतात आणि दोन्ही ती मोकळी करू पाहतात. नक्कल करण्याचे ऑपरेशन नीट लिहावे किंवा सरळ बंद करावे. युनिक पॉइंटरने नेक्स्ट धरला तर मालकी स्वच्छ होते, पण लांब लिस्टचे विसर्जन रिकर्शनने (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावून) होऊन फंक्शन-कॉलचा स्टॅक भरून जाऊ शकतो, तेव्हा डिस्ट्रक्टरमध्ये लूपने एकेक नोड सोडवावा.

नोड प्रायव्हेट केला तर टेस्ट कशी लिहायची, हा तुमचा शेवटचा मुद्दा. टेस्टने नोडकडे पाहूच नये: जोडा, काढा, इटरेटरने फिरून क्रम तपासा, साइझ तपासा. वरच्या 10-20-30 च्या प्रसंगासारखी गडबड पकडायची असेल तर 'शेवटचा काढा, मग शेवटी नवा जोडा, मग फिरा' ही एक टेस्ट पुष्कळ काही पकडते. रिकामी लिस्ट आणि एकाच नोडची लिस्ट या दोन स्थितींतून प्रत्येक मेथड एकदा जाऊ द्यावी. शिवाय लिस्टमध्येच एक प्रायव्हेट मेथड लिहावी, जी हेडपासून चालत जाऊन सुरुवातीला सांगितलेल्या अटी तपासते, आणि प्रत्येक बदलाच्या शेवटी ती असर्टमधून (अट खोटी ठरल्यास लगेच चूक दाखवणाऱ्या विधानातून) बोलवावी. जावात असर्ट एरवी बंद असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वापरात त्याचा भार पडत नाही. टेस्ट चालवताना ते चालू करावेत.

थोडक्यात तुमच्या कोडपुरते: नोड लिस्टच्या आत प्रायव्हेट स्टॅटिक, त्याचे गेटर-सेटर रद्द, लिस्टचे 'साइझ' सोडून बाकी सर्व गेटर आणि झाडून सगळे सेटर रद्द, फिरण्यासाठी इटरेटर, दुवे बदलणे दोन प्रायव्हेट मेथडमध्ये. परीक्षक गेटर-सेटर नसल्याचे गुण कापणारा असेल तर आतल्या प्रायव्हेट नोडला ते द्या, त्याने नुकसान काहीच नाही. 'गेट-हेड' मात्र परत आणू नका. ती मेथड काढल्याबरोबर तुमच्या मेन फाइलमध्ये कंपाइल एररची रांग लागेल. त्या घाईने मिटवू नका, एकेक वाचा: प्रत्येक एरर म्हणजे लिस्टने स्वतः द्यायला हवी होती अशी एक मेथड आहे, जी आजवर बाहेरचा कोड नोड हाताळून स्वतःच उरकत होता. कुठे ती 'यात ही किंमत आहे का' असेल, कुठे 'दोन लिस्ट जोड', कुठे 'उलटी कर'. ज्या एररसाठी असे नाव सुचत नाही, तिथे बहुधा इटरेटर पुरेसा असतो.